हॉल सेन्सरने होम पोझिशन दहा-वीस मायक्रॉनमध्ये पकडता येईल का?

किडामुंगी (धागाकर्ता)

कीटकांचे मॅक्रो फोटो काढायला घरी एक सरकती पट्टी केली आहे. एमजीएन१२ रेल, दोन मिमी पिचचा लीड स्क्रू, नेमा १७ स्टेपर (पायरी-पायरीने फिरणारी) मोटर आणि गाड्यावर कॅमेरा. मुंगीच्या मिशीपासून पोटापर्यंत फोकस कणाकणाने सरकवत फोटो घ्यायचे आणि मग ते संगणकावर एकत्र करायचे, असा उद्योग. दर फोटोला गाडा वीस मायक्रॉन पुढे जातो.

अडचण होमची, म्हणजे गाड्याच्या ठरलेल्या सुरुवातीच्या जागेची आहे. आमच्याकडे उन्हाळ्यात वीज कधी जाईल याचा नेम नाही. दीडशे फोटोंची मालिका अर्ध्यावर आली आणि वीज गेली, तर परत होम करून त्याच जागी येता आलं पाहिजे, नाहीतर मुंगीच्या कमरेत फट पडते. सध्या टोकाला ए३१४४ हा हॉल सेन्सर (चुंबकाचं क्षेत्र ओळखणारा) आहे आणि गाड्यावर ६ मिमी व्यासाचा, ३ मिमी जाड निओडिमियम चुंबक. गाडा सेन्सरच्या समोरून सरळ चालत येतो आणि साधारण सहा मिमी अंतर उरलं की एलईडी लागतो.

डायल (बारीक सरकणं मोजायचं काट्याचं मापक) लावून पाहिलं. लागोपाठ होम केलं तर काटा जवळजवळ तिथेच येतो. पण सकाळी शून्य केलेला काटा दुपारी दहा-बारा घरं सरकलेला असतो, आणि दरवेळी सेन्सरच्याच दिशेने. एक घर म्हणजे दहा मायक्रॉन. सेन्सर बदलू, चुंबक बदलू की हा नादच सोडू?

तपकीरगल्लीकर
*३१४४ च्या नादी लागू नका*

मूळ कंपनी अलेग्रोने ए३१४४ बनवणं कधीच बंद केलं. आज दुकानात मिळतो त्यावर ३१४४ किंवा नुसतं ४४ई छापलेलं असतं, आत कुणाचा माल आहे देव जाणे. आणि मूळच्या डेटाशीटमध्ये तरी काय आहे? खोलीच्या तापमानाला चालू होण्याचा बिंदू ७० ते ३५० गॉसमध्ये (गॉस म्हणजे चुंबकीय क्षेत्राचं एकक) कुठेही. एवढी मोकळीक असलेला भाग पंख्याचे फेरे मोजायला, झाकण बंद आहे का बघायला. मायक्रॉन मोजायला नाही.

डोंबिवली_फास्ट

साधा मायक्रोस्विच लावा की. चांगल्या कंपनीचा घेतला तर दहा-वीस मायक्रॉन सहज देतो. उगाच चुंबकाचे खेळ कशाला?

मास्तर
*थोडा हिशेब*

स्विचकडे नंतर येऊ. आधी सध्याच्या मांडणीत नेमकं काय होतंय ते आकड्यांत बघू, कारण सगळं दुखणं त्यातच दिसतं.

चकतीच्या आकाराच्या चुंबकासमोर, त्याच्या अक्षावर क्षेत्र किती असतं याचं सूत्र सरळ आहे. एन३५ दर्जाचा ६ बाय ३ चा चुंबक धरला तर ४ मिमीवर साधारण ७१५ गॉस, ५ वर ४७०, ६ वर ३२५, ७ वर २३०, ८ वर १७० आणि १० वर जेमतेम १००. आता वरच्या प्रतिसादातले ७० आणि ३५० हे आकडे यात बसवा. ३५० गॉस पावणेसहा मिमीवर मिळतात, ७० गॉस साडेअकरा मिमीवर. म्हणजे एकाच पुडीतले दोन ए३१४४ एकाच चुंबकाला सहा मिमीपर्यंतच्या फरकाने ओळखू शकतात आणि दोघेही डेटाशीटप्रमाणे निर्दोष! अर्थात तुमचा सेन्सर एकच आहे, त्यामुळे हा फरक तुम्हाला एकदाच भोगायचा आहे. खरा त्रास वेगळा.

सहा मिमीच्या आसपास क्षेत्र दर मिमीला साधारण १२० गॉसने बदलतं. ए३१४४ चा चालू आणि बंद होण्यातला फरक ठरावीकपणे ५५ गॉस असतो. भागाकार करा, जवळजवळ अर्धा मिमी! म्हणून गाडा नेहमी एकाच बाजूने आणायचा, येतानाच्या आणि जातानाच्या बिंदूंची तुलनाच करायची नाही.

आता तापमान. निओडिमियम चुंबक दर अंशाला सुमारे ०.१२ टक्के ढिला पडतो. सकाळ-दुपारमध्ये बारा अंशांचा फरक धरला तर दीड टक्का, म्हणजे साडेचार-पाच गॉस. त्याचे झाले ४० मायक्रॉन, डायलवर चार घरं. चुंबक ढिला झाला की तेवढेच गॉस मिळवायला गाड्याला आणखी जवळ यावं लागतं, म्हणून तुमचा काटा नेहमी सेन्सरच्याच दिशेने सरकतो. फेराइट घेतलात तर हा परिणाम दर अंशाला ०.२ टक्के, म्हणजे आणखी वाईट. समेरियम कोबाल्ट बराच स्थिर असतो, पण महाग.

बाकीची सात-आठ घरं? ती सेन्सरची स्वतःची असणार. सेन्सर मोटरच्या बाजूच्या टोकाला आहे का? स्टेपर थांबलेली असली तरी करंट चालू असतो आणि ती तापते. ब्रॅकेट ॲल्युमिनियमचं असेल तर ती धग थेट सेन्सरच्या पाठीला.

अवांतर: चुंबकीय क्षेत्रात करंटच्या आडवं व्होल्टेज तयार होतं, हा परिणाम एडविन हॉलने १८७९ मध्ये शोधला तेव्हा त्याने सोन्याचा पातळ वर्ख वापरला होता. मिळालेलं व्होल्टेज इतकं किरकोळ होतं की संवेदनशील गॅल्व्हानोमीटर लागला. आज तोच परिणाम सिलिकॉनमध्ये, ॲम्प्लिफायरसकट, पाच-दहा रुपयांत.

किडामुंगी

मास्तर, दंडवत! सेन्सर मोटरच्याच ब्रॅकेटवर आहे. तासाभराच्या मालिकेनंतर त्या ब्रॅकेटला हात लावला तर चटका बसत नाही, पण कोमटपेक्षा जास्तच लागतं.

मग चुंबक आणखी जवळ आणला तर? तिथे क्षेत्र वेगाने बदलतं असं तुमच्याच आकड्यांवरून दिसतंय.

मास्तर

फायदा होईल, पण सेन्सर आपल्याच ठरलेल्या गॉसला पेटणार. जवळ पेटवायचा तर चुंबक छोटा घ्यावा लागेल. शिवाय समोरासमोर मांडणीत गाडा थोडा जास्त पळाला की सेन्सरवरच आदळतो. तो रस्ता फार लांब जात नाही.

शिरोलीचा_टर्नर
*एक नव्हं, दोन चुंबक*

भावा, एकच चुंबक लावलास म्हणून सगळा घोळ हाय. किती गॉस आले हे इचारायचंच न्हाई. उत्तर संपून दक्षिण कुठं सुरू झाली, एवढंच इचारायचं.

आमच्या शॉपमधी जुन्या मशिनला असंच केलंय. दोन चुंबक शेजारी-शेजारी, एकाचा दक्षिण वर, दुसऱ्याचा उत्तर वर. सेन्सर त्यांच्या डोक्यावरनं आडवा जातो, समोरनं न्हाई. दोघांच्या मधोमध क्षेत्र शून्यातनं जातं. ऊन असो, थंडी असो, चुंबक म्हातारा होऊ दे, मधला शून्य हलत न्हाई. दोन्ही चुंबक एकाच वेळी, सारखेच ढिले पडत्यात. वर-खाली अंतर थोडं बदललं तरी शून्य तिथंच. एकाच पाकिटातले दोन घे म्हंजे झालं.

बसवायची रीत सांगतो. ॲल्युमिनियमच्या पट्टीत ६.१ चं भोक, मधी भिंत अर्धा मिमी. दोन्ही चुंबकांच्या दक्षिण तोंडावर आधी मार्करनं ठिपका मार, मगच हातात घे, नायतर नंतर कुठला कुठला कळत न्हाई. उलटे ध्रुव शेजारी असल्यानं ते एकमेकांकडं खेचत्यात, म्हणून एक बसवून आराल्डाइट सुकू दे, दुसरा दुसऱ्या दिशी. फेविक्विक नगं, ते ठिसूळ असतंय, धक्क्यानं सुटतंय. दोन्हीची तोंडं एका पातळीत पायजेत, वर सपाट काच ठेवून दाबून धर.

आन लोखंडी स्क्रू जवळ नगं. पितळी वापर.

सोल्डरताई
*वरच्या प्रतिसादाला +१, आता वायरिंग*

टर्नरभाऊंनी लाख मोलाचं सांगितलंय. या मांडणीला सेन्सर मात्र बदलावा लागेल. ए३१४४ फक्त दक्षिण ध्रुवाला ओळखतो, शून्याशी त्याला देणंघेणं नाही. दोन पर्याय आहेत.

पहिला, लॅच प्रकारचा. उदाहरणार्थ यूएस१८८१. दक्षिण आला की चालू, आणि उत्तर येईपर्यंत चालूच. दोन्ही बाजूंना जास्तीत जास्त ९५ गॉसला बदलतो. आउटपुट ओपन-ड्रेन आहे, म्हणजे फक्त खाली ओढतं; पुरवठ्याकडे १० किलोओहमचा रेझिस्टर (पुल-अप) दिला की काम झालं. सध्याच्या बोर्डावर ए३१४४ च्या जागी तसाच बसेल.

दुसरा, लिनियर. एसएस४९ई. हा चालू-बंद करत नाही, व्होल्टेज देतो. पाच व्होल्टवर क्षेत्र नसताना साधारण अडीच, आणि दर गॉसला साधारण १.४ मिलिव्होल्ट वर किंवा खाली. तीन मिमी अंतरावर अशा जोडीच्या मधोमध क्षेत्राचा चढ दर मिमीला साडेतीनशे-चारशे गॉस तरी मिळावा. म्हणजे अर्धा व्होल्ट प्रति मिमी. आर्डुइनो उनो बोर्डाचा दहा बिटांचा एडीसी (व्होल्टेजचा आकडा करणारा भाग) ४.९ मिलिव्होल्टची पायरी मोजतो, म्हणजे एक पायरी बरोबर दहा मायक्रॉन, तुमच्या डायलचं एक घर. सोळा वाचनांची सरासरी घेतली की त्याहून बरं. चुंबकाच्या डोक्यावर सेन्सरचं व्होल्टेज वर-खाली टोकाला जाऊन चिकटेल, चिकटू दे, आपल्याला मधलंच हवंय.

सेन्सरचे ‘अडीच व्होल्ट’ नेमके अडीच नसतात. त्यामुळे इलेक्ट्रॉनिक शून्य आणि चुंबकीय शून्य यांत दशांश मिमीचा फरक पडेल. पडू दे. तो रोज तोच असतो, आणि आपल्याला रोज तीच जागा हवी आहे.

एडीसीचा संदर्भ आणि सेन्सरचा पुरवठा एकाच पाच व्होल्टवरून घ्या, म्हणजे पुरवठा हलला तरी दोन्ही एकत्र हलतील. सेन्सरच्या पायांपाशीच १०४ चा (०.१ मायक्रोफॅरड) सिरॅमिक कपॅसिटर, बोर्डावर नको. आणि सेन्सरची वायर मोटरच्या वायरीबरोबर एकाच वेणीत गुंफू नका. स्टेपर ड्रायव्हरचा कचरा सगळा तिच्यात उतरतो.

भिंगरी
*एक शंका*

ताई, लिनियर सेन्सर चुंबकाजवळ नसताना अडीच व्होल्ट देतो आणि जोडीच्या बरोबर मध्ये आला तरी अडीचच देतो. मग प्रोग्रॅमला कसं कळायचं की आपण होमवर आहोत की पार दुसऱ्या टोकाला?

सोल्डरताई

अगदी बरोबर पकडलंत, हा खड्डा अनेकांना दिसत नाही. नुसतं ‘अडीच झाले का’ असं विचारायचं नाही, क्रम तपासायचा. आधी व्होल्टेज साडेतीनच्या वर गेलं पाहिजे, म्हणजे दक्षिण चुंबकासमोर आलो. ते झाल्यावरच ‘हत्यार उपसलं’ अशी खूण ठेवायची आणि मग उतरताना अडीच ओलांडले तो क्षण धरायचा. एलएम३९३ सारखा कंपॅरेटर (दोन व्होल्टेजची तुलना करणारा) लावून डिजिटल आउटपुट घेणाऱ्यांनीही हे लक्षात ठेवावं, चुंबकापासून लांब असताना तो नुसता थरथरत बसतो.

लॅचला हा प्रश्न नाही, तो स्वतःच क्रम लक्षात ठेवतो. फक्त वीज आल्याबरोबर तो कुठल्या अवस्थेत आहे यावर भरवसा ठेवायचा नाही. आधी गाडा मागे घ्या, दक्षिणेवरून पुढे आणा, मग त्याचं ऐका.

जोडी अशी बसवा की उत्तर चुंबकाच्या थोडं पुढेच यांत्रिक थांबा येईल. मग गाडा चुकीच्या बाजूला अडकलेला असण्याची भानगड उरत नाही.

नागपूरकर

मायाकडे डीआरव्ही५०३२ हॉल सेन्सर पडला आहे. बॅटरीवर चालतो म्हणे, मायक्रोॲम्पिअरमध्ये. तो चालन का?

मास्तर

दार-खिडकीच्या अलार्मला उत्तम, इथे नको. एवढी कमी वीज तो झोपा काढूनच वाचवतो. त्याचा एक प्रकार सेकंदाला वीस वेळाच डोळा उघडून बघतो, एक तर पाचच वेळा. गाडा सेकंदाला १० मिमी वेगाने येत असेल तर दोन नजरांमध्ये अर्धा मिमी निघून गेला. ‘स्विच कधी पुढे, कधी मागे लागतो’ अशी तक्रार आली की आधी सेन्सर झोपणाऱ्या जातीचा आहे का ते बघावं.

हाच न्याय होमच्या वेगालाही लागू आहे. पहिली फेरी वेगात, नुसती जागा हुडकायला. मग दोन-तीन मिमी मागे, आणि दुसरी फेरी अगदी रांगत, सेकंदाला पाव मिमी वगैरे. मोजायची ती दुसरी.

डोंबिवली_फास्ट

मायक्रोस्विचचं उत्तर अजून कुणी दिलेलं नाही!

तपकीरगल्लीकर

देतो. मायक्रोस्विच वाईट नाही. पण लांब पत्र्याची जीभ असलेला घेतलात तर जीभ वाकते, आणि बहुतेक लोक तोच घेतात. बिनजिभेचा, बटणावर थेट दाब देणारा घ्या, तो खरंच चांगली पुनरावृत्ती देतो. त्याचा बाउन्स (दाबताना संपर्काचं थरथरणं) काढावा लागतो आणि वर्षांनुवर्षं दाबून बटण झिजतं, इतकंच.

आणि खरं विचाराल तर धागाकर्त्याच्या कामाला, घरातल्या स्वच्छ टेबलावर, फटीचा ऑप्टिकल सेन्सरही चुंबकाइतकाच चालेल. पातळ पत्रा फटीतून गेला की प्रकाश अडतो, विषय संपला. चुंबकाचा खरा मान धूळ, तेल, कूलंट, पाऊस असेल तिथे. सेन्सर इपॉक्सीत बुडवून टाकला तरी त्याला दिसतं.

शिरोलीचा_टर्नर

तेल-कूलंटचं काय वाटत न्हाई, पर लोखंडाचा कीस लई वाईट. लेथजवळच्या चुंबकाला आठवड्यात दाढी उगवती. ती दाढी क्षेत्र फिरवती आन होम हळूहळू पळायला लागतंय. वर्कर सेन्सर बदलतो, काय फरक पडत न्हाई. फडक्यानं पुसून निघत न्हाई ती, मातीचा चिखल किंवा चिकटपट्टी लावून ओढून काढायची.

म्हणून आमी चुंबकावर पितळंची टोपी बसवतो, दोन मिमी जाड. पितळ, ॲल्युमिनियम क्षेत्राला अडवत न्हाई. कीस टोपीवर बसतो, टोपी काढली की झडतो.

पाणीवाला

अवांतर विचारतो. गच्चीवरच्या टाकीच्या फ्लोटला हॉल सेन्सर बरा की रीड स्विच?

सोल्डरताई

रीड. त्याला पुरवठाच लागत नाही, दोन वायरी आणि काचेची नळी. ९० वर्षांपूर्वी बेल लॅब्समध्ये निघालेली कल्पना आजही तिथे चोख चालते. पाण्याची पातळी दोन सेंटिमीटर इकडे-तिकडे झाली तर कुणाचं काही बिघडत नाही. पंपाची मोटर मात्र थेट रीडमधून चालवू नका, पत्ती चिकटते. मध्ये रिले हवा.

भिंगरी
*मोटरकडूनही मदत घ्या*

होम अजून घट्ट करायची एक युक्ती थ्रीडी प्रिंटरवाले वापरतात. स्टेपर चार पूर्ण स्टेप गेली की तिच्या कॉइलमधल्या करंटचं चक्र पुन्हा पहिल्यासारखं होतं. धागाकर्त्याच्या स्क्रूला चार स्टेप म्हणजे ४० मायक्रॉन. होम स्विच वीस मायक्रॉनपेक्षा कमी चुकत असेल, तर ‘स्विच लागला तेव्हा मोटर चक्रात कुठे होती’ यावरून तो उरलेला घोळही काढता येतो. स्विच ढोबळ जागा सांगतो, मोटर बारीक जागा सांगते. प्रिंटरच्या क्लिपर फर्मवेअरमध्ये एंडस्टॉप फेज नावाने हे तयार मिळतं.

फक्त स्विचचा घोळ मागे-पुढे मिळून चाळीसच्या पुढे गेला की हे उलटं अंगावर येतं. मोटर खात्रीने सांगते, पण शेजारच्या चक्रातली जागा.

मास्तर

उत्तम मुद्दा. वाचनखूण साठवली.

किडामुंगी
*हालहवाल*

सगळ्यांचे आभार. टर्नरभाऊंच्या रीतीने चुंबकांची जोडी बसवली, अर्ध्या मिमीची भिंत ठेवून. एसएस४९ई लावला, तीन मिमी अंतरावर. सेन्सर मोटरपासून उचलून दुसऱ्या टोकाला नेला. कपॅसिटर पायांपाशी.

सीरियल मॉनिटरवर (संगणकावरची खिडकी) एडीसीचे आकडे बघायला मजा येते. गाडा लांब असताना ५१० च्या आसपास स्वस्थ. मग चढत चढत साडेआठशेच्या वर जाऊन तिथेच थोडा वेळ चिकटतो, आणि मधली भिंत आली की धाडकन खाली. हाताने स्क्रूला नुसतं बोट लावलं तरी आकडा हलतो, इतकं ते नाजूक आहे.

डायलवर सकाळचा शून्य दुपारी तीन घरांवर. बारावरून तीनवर आलो. ही तीन घरं कुठून येतात?

मास्तर

सेन्सरकडे बोट दाखवण्याआधी एक सांगा. डायल कुठे टेकवला आहे, आणि तिथून सेन्सर किती लांब?

किडामुंगी

डायल मोटरच्या बाजूला आहे. मधलं अंतर साधारण दहा सेंमी. खाली ॲल्युमिनियम एक्स्ट्रूजन.

मास्तर

झालं तर मग. ॲल्युमिनियम दर अंशाला दर मीटरला २३ मायक्रॉन वाढतं. दहा सेंमीला बारा अंशांत २८ मायक्रॉन. ही तुमची तीन घरं. सेन्सर निर्दोष आहे, तुम्ही खालची पट्टी मोजताय. कीटक ठेवायचा स्टँड जिथे बोल्टने बसवला आहे, त्याच्या शक्य तितक्या जवळ सेन्सर न्या आणि डायलही तिथेच टेकवा.

डोंबिवली_फास्ट

म्हणजे मायक्रोस्विच लावला असता तरी ही तीन घरं आलीच असती. मी गप्प बसतो. :-)

नागपूरकर

मी बी एसएस४९ई मागवला. पण तीन पाय आहेत अन् चिठ्ठी नाही. कोणता कशाचा?

सोल्डरताई

नाव छापलेली, दोन कोपरे तासलेली बाजू आपल्याकडे धरा, पाय खाली. डावीकडून पुरवठा, ग्राउंड, आउटपुट. चुंबकाकडे तोंड करायचं तेही याच बाजूने. लावल्यावर लगेच बोट ठेवून बघा. गरम लागला तर पुरवठा आणि ग्राउंड उलटे झालेत, पटकन काढा.